गच्चीवरची टाकी आणि कसौलीचा ब्युरो

पावसाळा तोंडावर आला की पालिकेच्या कीटकनाशक विभागाचा माणूस सोसायटीच्या गच्चीवर चढतो आणि टाकीचं झाकण घट्ट बसलंय का ते पाहतो. दिल्लीतल्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचा त्याच्याशी थेट संबंध नाही, पण त्या केंद्राचा जन्मही डासांपायीच झाला.

मुंबईकराला साथ म्हटलं की १८९६चा प्लेग आठवतो. मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी तो ओळखला, पुढच्याच वर्षी साथरोग कायदा आला, आणि हाफकिनच्या लशीतून पुढे परळची संस्था उभी राहिली. राष्ट्रीय केंद्राची कुळकथा मात्र हिवतापाची. १९०९ साली हिमाचलातल्या कसौलीत सेंट्रल मलेरिया ब्युरो निघाला. १९३८मध्ये तो मलेरिया इन्स्टिट्यूट होऊन दिल्लीत आला.

त्याच सुमारास, म्हणजे ब्युरो निघाला तेव्हा, डॉ. बेंटली मुंबईतल्या हिवतापाचा माग काढत होते. १९११च्या अहवालात त्यांनी बोट ठेवलं ते शहरातल्या विहिरींवर. विहिरी बुजवा, नाहीतर झाका म्हटल्यावर धर्माचा प्रश्न निघाला आणि वाद पेटला. नळ आले, इमारती चढल्या आणि विहिरीतला तो डास, ॲनोफिलिस स्टीफेन्सी, गच्चीवरच्या टाकीत राहायला गेला.

१९६३मध्ये हिवताप आटोक्यात आल्याच्या विश्वासाने दिल्लीतल्या मलेरिया संस्थेचं नाव बदललं, काम सगळ्याच संसर्गजन्य रोगांचं झालं. डासांना हे कुणी कळवलं नसावं: १९७६मध्ये देशात हिवतापाचे ६४ लाखांवर रुग्ण नोंदले गेले. नारू या जंताच्या रोगाबाबत मात्र संस्थेला पूर्ण यश आलं. १९८४पासूनच्या मोहिमेची सूत्रं तिच्याकडे होती आणि २०००मध्ये भारत नारूमुक्त ठरला.

१९९४च्या सुरतेतल्या प्लेगने उणीव उघडी पाडली. साथीची खबर वेळेवर वर पोचतच नव्हती. २००४मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण सुरू झालं, जिल्ह्याजिल्ह्यातून दर आठवड्याला आकडे जाऊ लागले. २००९मध्ये संस्थेला आजचं नाव मिळालं.

आरोग्य हा राज्याचा विषय. त्यामुळे दिल्लीतलं हे रोग नियंत्रण केंद्र नमुने तपासतं, पथक पाठवतं, सल्ला देतं. टाकीला झाकण नाही म्हणून सोसायटीला नोटीस बजावायची, तर ती पालिकेनेच.