मानसिक आजारांतील उपचार-दरी (भारत)

एखादा आजार असलेल्या व्यक्तींपैकी ज्यांच्यापर्यंत उपचार पोहोचलेलेच नाहीत, त्यांच्या प्रमाणाला उपचार-दरी म्हणतात. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी, तर १३.७ टक्के प्रौढांना आयुष्यात केव्हा ना केव्हा मानसिक आजार असल्याचे आढळले. नैराश्य व चिंताविकारांसारख्या नेहमी आढळणाऱ्या आजारांत उपचार-दरी ८५ टक्के होती, आणि ज्यांची लक्षणे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्याही नजरेतून सुटत नाहीत अशा गंभीर आजारांतही ती ७३.६ टक्के निघाली. महाराष्ट्र आणि गोवा या १२ राज्यांत नव्हते, त्यामुळे हे आकडे या दोन राज्यांना जसेच्या तसे लावू नयेत.

लोकांमध्ये जाणीव नाही, हे या दरीचे नेहमी दिले जाणारे कारण अपुरे आहे. दुखणे असल्याचे रुग्णाला बहुधा कळत असते, पण ते तो शरीराच्या भाषेत सांगतो. छातीत धडधडते, हातापायांना मुंग्या येतात, डोके जड होते, झोप लागत नाही, अशा तक्रारी घेऊन आलेल्या बाईला गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात किंवा सलाइन लावले जाते. चार दिवस बरे वाटते आणि ती पुन्हा रांगेत उभी राहते. अशी व्यक्ती आरोग्यसेवेच्या दारात वारंवार येऊनही तिच्या आजाराला नाव मिळत नाही. घरात त्याला ‘टेन्शन’ म्हणतात, तर लक्षणे उग्र असतील तेव्हा ‘बाहेरचे’ किंवा करणी समजून देवऋषी, मांत्रिक किंवा दर्गा गाठला जातो. तेथे किमान कोणी तरी ऐकून घेते आणि दोष रुग्णाच्या माथी मारला जात नाही. या ओढीला केवळ अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढणे न्याय्य नाही. मात्र भूत उतरवण्याच्या नावाखाली होणारी मारहाण व साखळदंड हा छळच असून महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा ठरवला आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या मनोरुग्णांच्या आश्रमात ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळ्यांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आले नाही आणि २५ हून अधिक जण दगावले.

निदान झाल्यावरचे अडथळे निराळे आहेत. देशात दर लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही आणि जे आहेत ते मुख्यतः शहरांत आहेत. महाराष्ट्रातील शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी या चारच ठिकाणी आहेत. दूरच्या गावच्या रुग्णाबरोबर घरातले एक माणूस जाते, म्हणजे दोघांचे एसटीचे भाडे आणि दोघांची बुडालेली मजुरी. उपचार व प्रवासावर कुटुंबांचे दरमहा सुमारे १,००० ते १,५०० रुपये जातात, असे वरील सर्वेक्षणात दिसले. थोडे बरे वाटताच गोळ्या बंद होण्यामागे हा खर्च असतो, तशीच या गोळ्यांची सवय लागेल ही भीतीही असते. लग्नाच्या वयाच्या मुलीचे तर केसपेपरही दडवून ठेवले जातात.

शासनाने १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शासकीय सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आणि विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवण्याचे बंधन घातले. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

तज्ज्ञांची संख्या लवकर वाढणार नाही, हे गृहीत धरून झालेले प्रयोग अधिक आशादायक आहेत. गोव्यात प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवून झालेल्या ‘मानस’ चाचणीत शासकीय केंद्रांतील रुग्णांना स्पष्ट लाभ झाला; तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ उपक्रमात गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन बोलायला सुरुवात केली. त्यानंतर दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.