कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील खाद्यस्थळे

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रात लांबवर घुसलेला चिंचोळा भूभाग म्हणजे कॉर्नवॉल. उत्तरेला अटलांटिक, दक्षिणेला इंग्लिश खाडी आणि पूर्वेला डेव्हनपासून वेगळी करणारी टेमर नदी, असा हा प्रदेश जवळजवळ चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या सुमारे ५ लाख ७० हजार होती. उन्हाळ्यात पर्यटकांची भर पडली की गावातले अरुंद रस्ते तुंबून जातात. येथील खाद्यस्थळे बंदरांना धरून वाढली आहेत. त्यामुळे कुठे जेवायचे हे ठरवताना आधी बंदर निवडावे, हॉटेल नंतर. समुद्र एवढा श्रीमंत असूनही, बंदरात उतरलेली मासळी तिथेच शिजवून पाहुण्याच्या पानात वाढण्याची रीत कॉर्नवॉलमध्ये रुजली ती मुख्यतः गेल्या पन्नास वर्षांत. त्याआधी उत्तम माल बाहेर जाई आणि घरात उरेल ते शिजे.

पिलचर्ड या माशाची कथा याची साक्ष देते. आपल्या तारलीचा हा जवळचा नातलग. थव्यांनी किनाऱ्याजवळ येणारा हा मासा अनेक शतके कॉर्नवॉलच्या कोळ्यांचा आधार होता. कड्यावर उभा असलेला टेहळ्या, त्याला ‘ह्यूअर’ म्हणत, पाण्याचा रंग बदललेला दिसताच ‘हेव्वा! हेव्वा!’ अशी आरोळी ठोकी आणि सारे गाव होड्यांकडे धावे. न्यूक्वे येथे अशा टेहळ्याची पांढरी दगडी खोली अजून उभी आहे. आरोळी ऐकू आली की घरातल्या बायका मनुका घातलेली एक चपटी वडी भाजायला घेत. तिच्यावर सुरीने जाळ्यासारख्या तिरक्या रेघा ओढलेल्या असतात. ही ‘हेव्वा केक’ आजही बेकऱ्यांत मिळते. मासे मात्र मिठात थरांवर थर रचून, दाबून, पिंपांत भरून इटलीला जात. तिथल्या कॅथलिक लोकांच्या उपवासाच्या दिवसांत त्यांना मोठी मागणी असे. कॉर्नवॉलचे कोळी स्वतः बहुतेक मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचे, तरी पोपच्या आरोग्यासाठी शुभेच्छा देण्याची परंपरा त्यांच्यात होती, ती याच व्यापारापोटी.

१८५९ मध्ये टेमर नदीवर ब्रुनेल या अभियंत्याने बांधलेला रॉयल अल्बर्ट पूल खुला झाला आणि कॉर्नवॉल उर्वरित इंग्लंडशी रेल्वेने जोडले गेले. आता ताजी मासळीही लंडनच्या बाजारात जाऊ लागली. त्याच रुळांवरून पर्यटक उलट दिशेने आले, पण त्यांच्यासाठी निघालेल्या खाणावळींत स्थानिक मासळीला बरीच वर्षे मानाचे स्थान नव्हते.

हे चित्र पालटले ते उत्तर किनाऱ्यावरील पॅडस्टो या लहानशा बंदरात. १९७५ मध्ये रिक आणि जिल स्टाइन यांनी धक्क्याजवळच्या एका इमारतीत ‘द सीफूड रेस्टॉरंट’ सुरू केले. तिथे आधी त्यांचा नाइटक्लब होता आणि त्याचा परवाना गेला होता. होड्या समोर लागत आणि मासे रस्ता ओलांडून स्वयंपाकघरात येत. नव्वदच्या दशकात रिक स्टाइन यांच्या टीव्हीवरील कार्यक्रमांमुळे गाव देशभर गाजले. पुढे त्यांनी गावात साधी फिश अँड चिप्सची टपरीवजा जागा, बिस्ट्रो, पाककलेची शाळा असे बरेच काही उभे केले, आणि लोक गावाला ‘पॅडस्टाइन’ म्हणू लागले. एका कुटुंबाची एवढी छाप गावावर असावी का, हा वाद तिथे आजही रंगतो. पण कोळ्याच्या मालाला दारातच चांगला भाव मिळू शकतो, हे आधी त्यांनी दाखवून दिले, याबद्दल दुमत होऊ नये. त्याच गावात पॉल एन्सवर्थ यांचे ‘नंबर सिक्स’ आहे. जुन्या जॉर्जियन धाटणीच्या घरात थाटलेल्या या उपाहारगृहाला २०१३ पासून मिशेलिन या उपाहारगृहांना दर्जा देणाऱ्या मार्गदर्शिकेचा तारा आहे. तिथे जायचे तर आधीपासून जागा राखून ठेवावी लागते आणि खिसाही भरलेला लागतो.

पॅडस्टोमध्ये जेवायच्या आधी एक जागा आवर्जून पाहावी : बंदरालगतचे नॅशनल लॉबस्टर हॅचरी हे केंद्र. अंडी पोटाशी धरलेल्या माद्या कोळी इथे आणून देतात. एका मादीच्या पोटाखाली हजारो काळसर अंडी चिकटलेली असतात, दुरून जणू तुतीचा घोस. समुद्रात यांतली फारच थोडी पिल्ले जगतात. इथे त्यांना लहान लहान कप्प्यांत एकेकटे वाढवून, तळाशी बीळ करण्याइतपत मोठी झाली की पुन्हा समुद्रात सोडले जाते. एकत्र ठेवली तर ती एकमेकांना खातात, म्हणून कप्पे वेगळे. ज्या किनाऱ्यावर लॉबस्टरची थाळी महागात महाग आहे, तिथेच उद्याच्या लॉबस्टरचीही तजवीज होते आहे.

पॅडस्टोच्या ईशान्येला पोर्ट आयझॅक हे उतारावर वसलेले गाव आहे. नेथन आउटलॉ यांच्या मासळीच्या स्वयंपाकाने इथे मिशेलिनचे तारे मिळवले. मासा ताजा असेल तर त्याला मसाल्याच्या गर्दीची गरज नाही, ही त्यांची पद्धत कोकणी जिभेला सुरुवातीला सपक वाटेल. दोन घास सावकाश खाल्ले की ताज्या पापलेटाला नुसते मीठ-हळद का पुरते ते आठवते.

दक्षिणेकडे, पेन्झान्सला लागून असलेले न्यूलिन हे कामाचे बंदर. इंग्लंडमधील मोठ्या मासळी बाजारांत त्याची गणना होते; इथे लिलाव पहाटे चालतो. याच परिसरात माशांच्या नावांनी बाजार कसा फिरवला ते पाहण्यासारखे आहे. पिलचर्ड म्हटले की ब्रिटिश माणसाला टोमॅटोच्या रसातला डबाबंद मासा आठवे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तोच मासा ‘कॉर्निश सार्डिन’ या नावाने विकायला सुरुवात झाली आणि तो शेगडीवर भाजून हॉटेलांत दिमाखाने येऊ लागला. पुढे युरोपीय संघाबाहेर पडल्यावर निर्यातीत अडचणी आल्या, तेव्हा २०२१ मध्ये मच्छीमारांच्या संघटनेने आणखी दोन नावे बदलली. मेग्रिम हा चपटा मासा ‘कॉर्निश सोल’ झाला आणि लांब पायांचा स्पायडर क्रॅब ‘कॉर्निश किंग क्रॅब’ झाला. या दोन्हींचा बहुतेक माल तोवर स्पेनकडे जात असे. पाटीवर ही नावे दिसली तर अवश्य मागवावीत. हा खेकडा तर गोड मांसाचा असतो, फक्त फोडून खाण्याचा सराव हवा, आणि तो मराठी खवय्यांना असतोच.

एवढे झाले मासळीचे. कॉर्नवॉलच्या सामान्य माणसाचे बाहेरचे खाणे मात्र पेस्टी हेच आहे, आणि ते ताटात नव्हे, कागदाच्या पिशवीत मिळते. दिसायला ती मोठ्या करंजीसारखी. पारी जाड आणि खमंग, आत गोमांसाचे तुकडे, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचा पिवळट गराचा कंद. त्याला कॉर्नवॉलमध्ये सरळ टर्निप म्हणतात, तेव्हा पाटीवर टर्निप वाचले तरी आत पांढरा सलगम निघत नाही. मसाला म्हणजे मीठ आणि सढळ हाताने मिरपूड. सारण कच्चेच भरतात; भट्टीत मांसाचा रस बटाट्यात मुरतो आणि पारीच्या आतल्या बाजूला जरा ओलसर ठेवतो. २०११ पासून ‘कॉर्निश पेस्टी’ या नावाला भौगोलिक संरक्षण आहे. त्यानुसार ती कॉर्नवॉलमध्येच बनलेली असावी लागते, आकार अर्धगोल लागतो, मुरड कडेला हवी, गोमांस किमान साडेबारा टक्के आणि भाज्या किमान पंचवीस टक्के हव्यात. मुरड माथ्यावर असेल तर ती कॉर्निश नव्हे. मुरड घालणारीचा हात पाहावा : एका बोटाने कड आत दुमडायची, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दाबायची, की पुढची घडी तयार. दिवाळीच्या फराळाला बसलेल्या कुणालाही ही हालचाल ओळखीची वाटेल.

पेस्टी ही कथील आणि तांब्याच्या खाणींतल्या कामगारांची शिदोरी. हातांना खाणीतले विषारी आर्सेनिक लागलेले असायचे म्हणून कामगार मुरडीला धरून खात आणि ती फेकून देत, असे सर्रास सांगितले जाते. जुन्या छायाचित्रांत मात्र ते कापडी किंवा कागदी पिशवीत धरून पेस्टी खाताना दिसतात, तेव्हा मुरडही पोटात जात असणार. एका टोकाला मालकाची आद्याक्षरे कोरण्याची पद्धत होती, म्हणजे अर्धी उरलेली कुणाची ते कळे. एकोणिसाव्या शतकात खाणी बंद पडू लागल्या तेव्हा हे कामगार जगभर पांगले. मेक्सिकोतल्या इदाल्गो राज्यात ‘पास्ते’ या नावाने त्यांची पेस्टी आजही विकली जाते. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींतही कॉर्निश कामगार आले होते.

पेस्टी कुठली घ्यावी यावर गावागावांत भांडणे आहेत. साधी खूण अशी की जिथे सकाळी दहा-साडेदहालाच कामकरी माणसांची रांग आहे आणि दुपारनंतर माल संपतो, ते दुकान चांगले. सेंट आइव्ह्जला ती उघड्यावर खाण्याचे धाडस करू नये. तिथले समुद्रपक्षी पाठीमागून झेप घेऊन हातातला घास पळवतात, आणि पेस्टी उचलण्याइतकी ताकद त्यांच्यात नक्की आहे.

दुपारच्या चहाला कॉर्नवॉलमध्ये वेगळा मान आहे. ‘क्रीम टी’ म्हणजे चहाबरोबर स्कोन नावाचा छोटा पाव, स्ट्रॉबेरीचा मुरांबा आणि क्लॉटेड क्रीम. हे क्रीम म्हणजे आपली सायच, पण जाणीवपूर्वक घडवलेली : दूध पसरट भांड्यात मंद आचेवर तासन् तास ठेवून मग थंड होऊ द्यायचे आणि वर येणारा जाड थर काढून घ्यायचा. त्याच्या माथ्यावर सोनेरी पापुद्रा धरतो आणि तो चमच्याने मोडला की आत दाट, किंचित रवाळ साय लागते. ‘कॉर्निश क्लॉटेड क्रीम’ या नावाला १९९८ पासून संरक्षण आहे आणि त्यात किमान ५५ टक्के स्निग्धांश असावा लागतो. कॉर्नवॉलमध्ये स्कोनवर आधी मुरांबा लावतात आणि वर साय ठेवतात. टेमर ओलांडून डेव्हनला गेले की क्रम उलटा. साय माथ्यावर राहिली की तिचा पापुद्रा आधी जिभेला लागतो, म्हणून प्रस्तुत नोंदकर्त्याचे मत कॉर्नवॉलच्या बाजूने आहे. चहाही इथलाच मिळू शकतो : ट्रुरोजवळच्या ट्रेगॉथनन या जमीनदारीच्या मळ्यात चहा पिकतो आणि २००५ पासून विकला जातो. बेकरीत केशरी बन दिसले तर तेही घ्यावेत. केशर आपल्याला नवे नाही, पण पावात ते किती शोभते हे इथे कळते.

संध्याकाळचे जेवण पबमध्ये घेणे सोयीचे. हेल्स्टन येथील ‘ब्लू अँकर’ आपली ‘स्पिंगो’ नावाची बिअर मागच्या बाजूलाच गाळते. रेस्ट्रॉन्गेट खाडीवरच्या गवती छपराच्या ‘पॅन्डोरा इन’ला २०११ मध्ये आग लागली होती, जुन्याबरहुकूम बांधून ते पुढच्या वर्षी उघडले. तिथे लोक होडीने येतात आणि पाण्यावरच्या तरंगत्या धक्क्यावर बसून जेवतात. पबमध्ये सहसा टेबल धरून बारवर जाऊन जेवण सांगायचे असते, आणि स्वयंपाकघर बरेचदा दुपारी अडीच ते सहा बंद असते. आपल्याकडच्या तीनच्या जेवणाची सवय तिथे उपाशी ठेवते.

थाटमाट नको असेल तर पोर्थकर्निक किनाऱ्यावरची ‘हिडन हट’ ही लाकडी झोपडी उत्तम. गाडी दूर लावून चालत जावे लागते. उन्हाळ्यातल्या ठरावीक संध्याकाळी ते उघड्यावर एकच पदार्थ मोठ्या प्रमाणात रांधतात आणि येणाऱ्याने ताट, काटे-चमचे व पेय घरून आणायचे असते. वनभोजनाची सवय असलेल्या माणसाला इथे अगदी घरच्यासारखे वाटावे.

शाकाहाऱ्यांनी काही गोष्टी न लाजता विचाराव्यात. बटाट्याच्या चिप्स कुठे वनस्पती तेलात तर कुठे गोमांसाच्या चरबीत तळतात. चीज-कांद्याची पेस्टी बहुतेक ठिकाणी मिळते, पण पारीत कोणती चरबी आहे ते विचारावे. चौदा प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणे ब्रिटनमध्ये कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे अशा प्रश्नांची तिथे सवय असते. अंगाला लागली की आग करणाऱ्या ‘नेटल’ या वनस्पतीच्या पानांत गुंडाळलेले ‘यार्ग’ हे चीज पाटीवर दिसले तर मागवावे, मात्र त्यासाठी वापरलेले रेनेट (चीजसाठी दूध गोठवणारा घटक) प्राणिज आहे का याचीही चौकशी करावी.

हंगाम हा इथला खरा मालक. शाळांच्या उन्हाळी सुट्टीत, जुलैअखेर ते ऑगस्ट, नामांकित ठिकाणी ऐनवेळी जागा मिळणे कठीण, तर जानेवारीत अनेक स्वयंपाकघरे बंद. ऑक्टोबर या दोहोंच्या मधला. फॅल नदीच्या मुखातली देशी कालवे काढायला याच महिन्यात सुरुवात होते आणि ती मार्चअखेरपर्यंत चालते. तिथे इंजिनाने कालवे काढायला मनाई आहे : शिडाच्या किंवा वल्ह्याच्या होडीने, वाऱ्यावर वाहत जात, हाताने जाळे ओढायचे. प्रत्येक कालव सुमारे ६७ मिलिमीटरच्या पितळी कड्यातून घालून पाहतात. आरपार गेले तर ते लहान, परत पाण्यात. या ‘फॅल ऑयस्टर’ला २०१३ मध्ये संरक्षित नाव मिळाले.

आणि २३ डिसेंबरला न्यूलिनजवळच्या माउसहोलला जावे. स्थानिक उच्चार ‘माउझल’. वादळाने गाव उपाशी असताना टॉम बॉकॉक नावाचा कोळी एकटाच समुद्रात गेला आणि सात जातींचे मासे घेऊन परतला, अशी दंतकथा आहे. त्याच्या आठवणीत धक्क्यावरच्या ‘शिप इन’मध्ये ‘स्टारगेझी पाय’ वाटला जातो : बटाटा-अंड्याच्या सारणावर पारी, आणि त्या पारीतून डोकी बाहेर काढून आकाशाकडे पाहणारे अख्खे मासे. बंदराभोवती त्या दिवसांत दिव्यांची रोषणाई असते. गावकरी आणि पाहुणे थंडीत हात चोळत एकाच रांगेत उभे राहतात, प्रत्येकाच्या वाट्याला चमचाभर येतो.