‘ओहेल दाविद’ : ससूनांच्या पोथ्यांची पार्श्वभूमी

मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हिब्रू बायबलची सुमारे अकराशे वर्षे जुनी पोथी ३ कोटी ८१ लाख डॉलरला गेली आणि ‘ससून’ हे नाव पुन्हा बातम्यांत आले. गोदी, वाचनालय आणि पुण्याच्या रुग्णालयामुळे हे घराणे आपल्याला व्यापारी आणि दानशूर म्हणून माहीत आहे. पोथीला हे नाव मिळाले ते त्याच घराण्यातल्या अभ्यासकांमुळे.

पुण्याचे लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनागृह, १८६७ चे. त्याचे खरे नाव ‘ओहेल दाविद’, म्हणजे दाविदचा तंबू. मूळ पुरुष डेव्हिड ससून यांची कबर त्याच आवारात आहे. १९३२ मध्ये त्यांच्या डेव्हिड सॉलोमन ससून या नातवाने आपल्या हस्तलिखितांची दोन खंडांची सूची छापली आणि तिलाही हेच नाव दिले. हा नातू १८८० मध्ये मुंबईत जन्मला. आठ वर्षांचा असताना त्याने स्वतःचा पतंग देऊन मुंबईतच छापलेले एक अरबी पुस्तक मिळवले होते. पुढे हाच संग्रह हजाराहून अधिक पोथ्यांपर्यंत वाढला.

या संग्राहकाची आई फ्लोरा हिब्रू शास्त्रांत पारंगत होत्या. १८९४ मध्ये पती वारल्यावर त्यांनी मुंबईची पेढी सांभाळली आणि १९०१ मध्ये त्या लंडनला गेल्या.   

वाद आहे तो या संग्रहाच्या १९७५ पासूनच्या विक्रीचा. संग्राहक १९४२ मध्ये गेले. त्यांनी लिहिलेला बगदादच्या ज्यूंचा इतिहास मुलाने १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. मात्र ब्रिटनमधला कर भागवण्यासाठी वारसांना पोथ्या लिलावात काढाव्या लागल्या. विक्रीची बाजू घेणारे याच संग्रहातल्या हिब्रू बायबलच्या दमास्कसच्या पोथीकडे बोट दाखवतात : ती १९७५ मध्येच जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पोहोचली. पण सगळ्या पोथ्यांच्या नशिबी असे ग्रंथालय नव्हते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला विकली गेलेली पोथी सूचीत १०५३ क्रमांकाची; १९२९ मध्ये ३५० पौंडांना घेतलेली तीच पोथी १९७८ मध्ये ब्रिटनमधल्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या पेन्शन फंडाने गुंतवणूक म्हणून घेतली आणि १९८९ मध्ये पुन्हा विकली. त्यानंतर २०२३ पर्यंत ती खासगी हातांत होती. कर चुकवता येत नाही हे मान्य, तरी एका माणसाने आयुष्यभर जुळवलेला संग्रह तुकड्यातुकड्याने विकू देण्याऐवजी एखाद्या सार्वजनिक संस्थेने तो अखंड घ्यायला हवा होता. बगदाद आणि येमेनकडच्या साध्या प्रार्थनापोथ्यांचे मोल त्या शेजारी शेजारी ठेवल्यावरच कळते.

आता अखंड उरली आहे ती सूची. पोथी कोणाच्याही कपाटात असो, अभ्यासक तिला आजही सूचीतल्या क्रमांकानेच ओळखतात. १०५३ क्रमांकाची पोथी देणगीदारांनी विकत घेऊन तेल अवीवच्या संग्रहालयाला दिली आहे.