‘कायम’ या एका शब्दानं किती मास्तर घालवले

मास्तरकी सोडणारे आकड्यांत सहसा दिसतच नाहीत, कारण विनाअनुदानित, म्हणजे पगाराला सरकारी पैसा नसलेल्या शाळेवरचा माणूस राजीनामा देत नाही. राजीनामा दिला की नेमणुकीची सरकारी मान्यता गेली, मागची वर्षं पाण्यात, आणि उद्या अनुदानाचा टप्पा आलाच तर तो शेजारच्या सरांना मिळणार. म्हणून नाव मस्टरवर राहतं, माणूस दुसरीकडे कमावतो. आमच्या ओळखीतले एक गणिताचे सर पहाटे भाजी उचलून गाडा लावायचे, साडेदहाला बायकोला गाड्यावर बसवून शाळेत. संध्याकाळी वर्गातली पोरं तिकडून जायला लागली की हे खाली वाकून बटाटे निवडत बसायचे. पुढे हप्त्यावर छोटा हत्ती घेतला, आता शाळेत येतात ते सहीपुरते.

खासगी शाळांतल्या नोकरीचा 1977 चा सेवाशर्तींचा कायदा सगळ्यांना माहितीये, त्यात जात नाही. खरी गोष्ट 2000 नंतरची. आधी शिक्षणसेवक आले, म्हणजे तीन वर्षं मानधनावर (हे मानधन प्राथमिकला 6,000 वरून 16,000 व्हायला 2023 उजाडलं, असो). आणि मग ठरलं की नवीन शाळा ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावरच.

आता गंमत बघा, स्टाफरूमच्या भाषेत ‘कायम होणं’ म्हणजे नोकरी पक्की होणं, इथं मात्र कायम काय झालं तर अनुदान नसणं. सरकारी बाजू अशी की संस्थांनी अट मान्य करूनच परवानगी घेतली, मग आता पैसे कसले मागता? कागदावर बरोबरच आहे ते. पण अट मान्य केली संस्थेनं आणि भोगली मास्तरानं, त्यातल्या काहींनी तर आत शिरायला रान विकून पैसे मोजलेले.

जुलै 2009 ला ‘कायम’ शब्द वगळला. लोकांना वाटलं सुटलो. पण शब्द गेला तरी मागे ‘विनाअनुदानित’ उरलंच की! मग अनुदानासाठी शाळांचं मूल्यांकन, 2011 चे निकष, पात्र-अपात्र, घोषित-अघोषित (यादीत नाव आलेल्या आणि न आलेल्या शाळा) अशी एक नवीनच भाषा तयार झाली. जुन्या सूत्रात पगाराचं अनुदान दरवर्षी 20 टक्के वाढत 100 पर्यंत जायचं होतं, 2016 ला हातात आले ते सरसकट 20, आणि पुढचं मर्जीवर. त्याच ऑक्टोबरात औरंगाबादला शिक्षकांच्या मोर्च्यावर लाठ्या पडल्या. 2001-02 ला लागलेला माणूस तोवर चाळिशीत, स्पर्धा परीक्षेचं वय गेलेलं, डोक्यावर घर, तो सोडून जाणार कुठं आणि थांबून तरी खाणार काय. 1 नोव्हेंबर 2005 आधी लागले पण शाळा 100 टक्क्यांवर नंतर आली, अशांच्या जुन्या पेन्शनचं (ती त्या तारखेआधी लागलेल्यांनाच) भांडण तर वेगळंच.

बाकी 2012 ची भरतीबंदी, 2013 ची टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग शिक्षकभरतीचं सरकारी पवित्र पोर्टल, यात डीएड करून वाट बघणारी पोरं वर्गात पाय ठेवायच्या आधीच पोलीस भरतीकडे वळली. जुलै 2025 ला टप्पावाढीसाठी परत आझाद मैदान भरलं, आणि 1 सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी उरलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हा. म्हणजे पन्नाशीतले सर बालमानसशास्त्राचं गाईड घेऊन बसणार. गणितवाल्या सरांना विचारलं फॉर्म भरणार का, तर म्हणाले, गाडीचे दोन हप्ते राहिलेत, ते फिटू दे मग बघू.