०.५ या आकड्याचं काय झालं?

मुंबईत दादर-परळ भागातलं हिंदमाता बशीसारखं आहे. चहूबाजूंचे रस्ते उंच, मधला चौक खोल. जोराची सर आली की आजूबाजूचं पाणी तिथे उतरतं आणि कापडवाले खालच्या फळ्यांवरचे गठ्ठे भराभर वर चढवू लागतात. ‘पाणी भरलं’, एवढंच ते म्हणतात. दरवर्षी याचं खापर नालेसफाईवर फुटतं. गाळ काढायलाच हवा, यात वाद नाही. पण या पाण्यामागे एक आकडाही आहे आणि त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ब्रिटिश काळातल्या. त्या आखताना धरलं होतं की ताशी २५ मिलिमीटर पाऊस पडेल आणि त्यातला निम्मा जमिनीत मुरेल. उरलेला निम्मा वाहणार; सूत्रात हा वाहणारा ‘निम्मा’ ०.५ असा लिहितात. आता एक हेक्टर जागा घेऊ, म्हणजे १० हजार चौरस मीटर. तिच्यावर तासाभरात २५ मिलिमीटर पाऊस पडला तर २५० घनमीटर पाणी झालं. निम्मं मुरलं, उरलेलं १२५ घनमीटर गटारात गेलं.

१९८५ च्या पावसात शहर बुडालं, तेव्हा या व्यवस्थेचा नव्याने अभ्यास करायचं ठरलं. त्यातून १९९३ मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल आला. त्याने पाऊस ताशी ५० मिलिमीटर धरला आणि ०.५ च्या जागी १ लिहिला. म्हणजे पडेल तेवढं सगळं पाणी वाहणार. तोच हेक्टर, पण आता तासाला ५०० घनमीटर. पाऊस दुप्पट धरला आणि पाणी चौपट झालं. यातली एक दुप्पट पावसाची, दुसरी आपली.

ज्यांनी ०.५ लिहिलं ते चुकले नव्हते. तेव्हा वाड्या होत्या, तळी होती, चिखलाची मैदानं होती. मग कुणी अंगणात कोबा केला, कुणी गाड्या लावायला पेव्हर ब्लॉक बसवले, मैदानाची इमारत झाली. प्रत्येक वेळी कुणीतरी इंजिनिअर होता आणि त्याने आपलं काम नीट केलं: आवारातलं पाणी उतार देऊन बाहेरच्या नाल्यात सोडलं. तेवढ्याने त्या ०.५ मध्ये केसभर भर पडली. पण ही भर मोजून वाहिनी आखणाऱ्याला कळवणं हे कुणाचंच काम नव्हतं. मला वाटतं, अभियांत्रिकीच्या पुढच्या काळातला खरा प्रश्न इथेच आहे.

बरं, गटारात गेलेलं पाणी तरी सुटतं का? ब्रिमस्टोवॅडच्या नोंदीनुसार मुंबईत समुद्राला आणि खाड्यांना मिळणारी १८६ पातमुखं, म्हणजे नाल्यांची शेवटची तोंडं, आहेत. त्यातली ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली, १३५ भरतीच्या पातळीच्या खाली. भरतीच्या वर फक्त ६. म्हणजे उधाणाच्या वेळी पाणी बाहेर जायचं सोडा, समुद्रच आत यायला बघतो. म्हणून दरवाजे लावून पंपाने पाणी उपसायचं. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह इथली उदंचन केंद्रं हेच करतात. तिथला एकेक पंप सेकंदाला ६ हजार लिटर पाणी फेकतो. वरचाच हिशेब १०० हेक्टरला लावला तर सेकंदाला सुमारे १४ हजार लिटर पाणी येतं. म्हणजे तीन पंप हवेत.

कागदावर गणित सुटलं. प्रत्यक्षात पंपाआधी लोखंडी जाळी असते आणि नाल्याबरोबर पिशव्या, थर्माकोल, गाद्या, नारळ येऊन तिला चिकटतात. जाळी भरली की पंप उपाशी राहतो. तेव्हा पंपाची खरी ताकद कचऱ्याच्या गाडीवर ठरते आणि ती गाडी दुसऱ्या खात्याची. नाला जिथे रुळांखालून जातो तो कल्व्हर्ट रेल्वेचा, पुढचं कांदळवन वन खात्याचं. पाणी मात्र सगळीकडून एकच वाहतं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच वेळात कुलाब्याला अवघा ७३. एकाच शहरात! त्याच दुपारी मोठी भरती. मिठी नदी विमानतळापाशी काटकोनात वळवलेली, मुखाशी भराव टाकून अरुंद केलेली. मुंबईत चारशेहून अधिक माणसं गेली. ज्येष्ठ जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या समितीने नंतर या सगळ्याचा बारकाईने अभ्यास केला. पुढे शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसले, कारण एका ठिकाणच्या मापावरून अख्ख्या मुंबईचा पाऊस कळत नाही, हे त्या दिवसाने फार महागात शिकवलं होतं.

आज वाहिनीचा व्यास काढायला माणूस लागत नाही, संगणक क्षणात काढतो. पण ०.५ लिहायचं की ०.९, हे संगणकाला कुणीतरी सांगावं लागतं. वीस वर्षांनी त्या हेक्टरवर काय उभं असेल याचा तो अंदाज असतो. तो बांधायला विकास आराखडा वाचावा लागतो, कचरा बघावा लागतो, वस्तीत कुठल्या उंबरठ्याला पाणी लागतं हे विचारावं लागतं. काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाल्यावरही आकडा दरवर्षी तपासावा लागतो. आपल्याकडे या कामाला ना पद आहे ना पगार, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

सुरुवात झालीच नाही असंही नाही. २०२० पासून ‘आयफ्लोज-मुंबई’ ही पूर-इशारा प्रणाली पाऊस, भरती, नाले आणि जमिनीचा उतार एकत्र मांडून कुठे किती पाणी चढेल हे सांगू पाहते. हिंदमाताचं पाणी आता प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेविअर्स मैदानाखालच्या टाक्यांत नेऊन साठवतात, ओहोटी लागली की सोडतात. ही कल्पना मला फार आवडते. पाइप आणखी मोठा करत बसण्यापेक्षा इथे पाण्याला थांबायला जागा दिली. ०.५ मध्ये जमीन जे करत होती, त्यातलं थोडंसं काम आता टाकी करते.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना मी मे महिन्यात कुठल्यातरी एका नाल्यावर नेईन, सिव्हिल, मेकॅनिकल, कॉम्प्युटर सगळ्यांना एकत्र. उगमापासून पातमुखापर्यंत चालायचं. किती अंगणांत माती उरली आहे ते मोजायचं, प्रत्येक कल्व्हर्ट कुणाचा ते लिहायचं, जाळीपाशी तासभर उभं राहायचं. मग भरतीचं वेळापत्रक समोर ठेवून आपला आकडा काढायचा आणि पुढच्या मे महिन्यात नव्या मुलांनी तोच नाला पुन्हा मोजायचा.