चॅटची यादी वेगळी, अ‍ॅड्रेस बुक वेगळं

चॅट उघडलं की नावं दिसतात, अ‍ॅड्रेस बुक उघडलं तरी नावंच. माणसंही बहुतेक तीच. मग दोन याद्या कशाला सांभाळायच्या, एकीतलं सगळं दुसरीत ओतून टाकू, असं वाटणं साहजिक आहे. पण या दोन याद्या नोंदवतात त्या गोष्टीच मुळात वेगळ्या आहेत.

अ‍ॅड्रेस बुकातली नोंद सर्वस्वी तुमची. फोन, ईमेल, वाढदिवस, हवं ते लिहा. समोरच्याला त्याची खबरही नसते. ती बहुधा व्हीकार्ड या संपर्क-नोंदींच्या ठरलेल्या फाइल-स्वरूपात बाहेर काढता येते आणि त्यात नावापलीकडे जवळपास काहीच सक्तीचं नाही.

चॅटची यादी मात्र एकट्याची नसते. एक्सएमपीपी या चॅटच्या पद्धतीचं उदाहरण घेऊ, कारण तिचे नियम सगळ्यांसाठी खुले आहेत. तिथे या यादीला रोस्टर म्हणतात आणि ती तुमच्या कॉम्प्युटरवर नाही, सर्व्हरवर राहते. प्रत्येक नावाशी परवानगीची स्थिती जोडलेली असते: मला तो ऑनलाइन दिसतो, त्याला मी दिसतो, दोघांनाही दिसतं, किंवा कोणालाच नाही. म्हणजे ही माहिती कमी आणि दोन खात्यांमधला करार जास्त. अ‍ॅड्रेस बुकातून नाव पुसलं तर तुमचं टिपण तेवढं जातं. रोस्टरमधून काढलं तर सर्व्हर दोन्ही बाजूंच्या परवानग्या रद्द करतो, आणि तुम्ही ऑनलाइन आहात की नाही हे समोरच्याला कळेनासं होतं. आता दोन्ही याद्या सिंक करून ठेवल्यात आणि एखाद्या रविवारी अ‍ॅड्रेस बुकातली जुनी नावं साफ केलीत, तर किती जणांशी नकळत कट्टी होईल!

शिवाय चॅटच्या यादीत माणूस नसतोच, खातं असतं. एकाच मैत्रिणीचं ऑफिसचं एक, घरचं एक, आणि कधीकाळी उघडून विसरलेलं तिसरं.

म्हणूनच लिनक्स डेस्कटॉपवर ज्यांनी हे काम मनावर घेतलं, त्यांनी याद्या मिसळल्या नाहीत, जोडल्या. केडीई या डेस्कटॉपच्या कोपेट या चॅट प्रोग्रॅममध्ये ‘मेटाकॉन्टॅक्ट’ होता: एका माणसाची सगळी खाती एका नावाखाली, आणि त्या नावाला अ‍ॅड्रेस बुकातल्या नोंदीची जोड. याचा खरा फायदा चॅटच्या बाहेर दिसायचा. केडीईच्याच केमेल या ईमेल प्रोग्रॅममध्ये पत्र उघडलं की पाठवणारा आत्ता ऑनलाइन आहे का, हे तिथेच कळायचं. केमेलला चॅटचा पासवर्ड माहीत नसायचा आणि त्याची गरजही नसायची. कोपेट आणि केमेल दोघांनाही माहीत असलेली अ‍ॅड्रेस बुकातली ती एक नोंद पुरायची.

ग्नोम या दुसऱ्या लिनक्स डेस्कटॉपमध्ये हेच काम फोक्स ही लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमांनी वापरायचा कोड, करते. तिच्या भाषेत एकेका ठिकाणची नोंद म्हणजे ‘पर्सोना’, आणि त्या जोडून तयार होतो तो ‘इंडिव्हिज्युअल’. इव्होल्यूशन या ईमेल प्रोग्रॅमच्या अ‍ॅड्रेस बुकातला एक पर्सोना, टेलिपथी या चॅट-यंत्रणेतून आलेला दुसरा. मूळ नोंदी जागच्या जागी राहतात. जोड चुकली तर तोडता येते. मला यातली सगळ्यात शहाणपणाची वाटते ती भरवशाची कल्पना. कुठल्या स्रोतावर किती विश्वास ठेवायचा, हे फोक्समध्ये ठरवलेलं असतं. जिथे कोणीही कुठलीही ओळख सांगून येऊ शकतो, तिथल्या नोंदी आपोआप जोडल्या तर एखादा भामटा तुमच्या साहेबांच्या फोटोआडून बोलायला लागेल. म्हणून अशा नोंदी ती जोडतच नाही.

नाव सारखं म्हणून जोडणं तर धोक्याचंच, आणि ईमेलही दर वेळी साक्षीला पुरत नाही. घरातली दोन माणसं एकच ईमेल वापरतात. त्यातल्या त्यात भक्कम मार्ग म्हणजे अ‍ॅड्रेस बुकातल्या नोंदीतच चॅटचा पत्ता लिहिणं. व्हीकार्डमध्ये त्यासाठी आयएमपीपी (IMPP) नावाचा रकाना २००७ मध्ये ठरला आणि २०११ च्या चौथ्या आवृत्तीत तो मूळ नियमांतच आला. त्याआधी जो तो आपापला रकाना बनवायचा, ‘एक्स-जॅबर’ (X-JABBER) सारखा. एका प्रोग्रॅमने लिहिलेला असा रकाना दुसरा वाचेलच, याची खात्री नाही. त्यामुळे जुनं अ‍ॅड्रेस बुक नव्या प्रोग्रॅममध्ये आणल्यावर फोन-ईमेल ठीक आले आणि चॅटचे पत्ते गायब झाले, तर मूळ फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. ‘एक्स’ने सुरू होणाऱ्या ओळींत ते अजून असतील, तिथून उचलून आयएमपीपीखाली टाका, मग जोडायला घ्या.