कंट्रोल बसत नाही म्हणून कॅलिब्रेट? फ्रिजमधल्या दोन बाटल्यांची गोष्ट

पॅथॉलॉजी लॅबच्या लॉगबुकात एक नोंद मी इतक्यांदा वाचली आहे, की आता ती पाठ झाली आहे: "कंट्रोल आऊट. कॅलिब्रेट केले. कंट्रोल ओके." खाली सही. वाचणाऱ्याला वाटतं, काम चोख झालं. मला मात्र दर वेळी विचारावंसं वाटतं, की कंट्रोल आऊट का गेला होता? या तीन वाक्यांत त्याचं उत्तर कुठेच नसतं.

गोंधळ होतो यात नवल नाही. फ्रिज उघडला की कॅलिब्रेटर (मशीनला माप शिकवणारी बाटली) आणि कंट्रोल (ते माप रोज तपासणारी बाटली) दोन्ही एकाच कप्प्यात. दोन्हींत बहुतेक वेळा सीरमची वाळवलेली पिवळसर भुकटी, दोन्हींत मोजून ५ मिली डिस्टिल्ड वॉटर घालायचं, दोन्हींसोबत व्हॅल्यूंचं शीट येतं. कंपनी एकच असेल तर फरक फक्त झाकणाच्या रंगाचा. डीएमएलटी हा लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करून नुकतीच आलेली मुलगी एकदा सहज म्हणाली, "मॅडम, कॅलिब्रेटर संपलाय. कंट्रोलनेच कॅलिब्रेट करू? शीटवर व्हॅल्यू आहेत की."

अगं, आहेत. पण त्या व्हॅल्यू वेगळ्या कामाच्या आहेत.

किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा आठवा. वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं एक किलोचं वजन ठेवून त्याला शिकवलं जातं, की एक किलो म्हणजे एवढं. हे कॅलिब्रेशन. आता दुकानदाराने एक सीलबंद पाकीट बाजूला काढून ठेवलं आणि रोज सकाळी दुकान उघडल्यावर ते काट्यावर ठेवून बघितलं, काल ५१२ ग्रॅम होतं, आज किती? तो कंट्रोल. पाकिटात नेमकं किती ग्रॅम आहे याच्याशी दुकानदाराला फारसं देणंघेणं नाही. आकडा कालच्यासारखाच आला पाहिजे, एवढंच. पाकीट एके दिवशी ५०० दाखवू लागलं, तर काटा बिघडला असेल किंवा पाकिटाला उंदीर लागला असेल. दुसरी शक्यता न तपासता काट्याला पासंग लावून ५१२ आणलं, तर दिवसभराचं सगळं गिऱ्हाईक चुकीच्या मापाने माल नेणार.

लॅबमध्ये याचा हिशेब कसा लागतो ते ग्लुकोजवर बघू. सेमी ऑटो मशीनवर (नमुना हाताने लावायचं मशीन) ग्लुकोज मोजायचं जीओडी-पीओडी किट लावलं आहे. स्टँडर्डच्या, म्हणजे इथल्या कॅलिब्रेटरच्या, बाटलीवर १०० मिलीग्रॅम लिहिलंय. ब्लँक (नमुना न घातलेलं द्रावण) वजा जाता मशीनला त्याचा रंग ०.३०० दिसला, तर मशीन १०० ला ०.३०० ने भागून ३३३ हा फॅक्टर काढतं. पुढे येणाऱ्या प्रत्येक पेशंटचा रंग या फॅक्टरने गुणला जातो. म्हणजे स्टँडर्डमध्ये झालेली चूक एका रिपोर्टात थांबत नाही, दिवसभराच्या सगळ्या रिपोर्टांत उतरते.

समजा ती बाटली पंख्याखाली झाकण न लावता राहिली, पाणी उडालं आणि १०० चं ११० झालं. मशीनला हे कोण सांगणार? त्याला रंग दिसतो ०.३३०, पण बाटलीवर लिहिलंय १००, म्हणून फॅक्टर निघतो ३०३. आता एक पेशंट येतो, उपाशीपोटीची खरी साखर १३२. मशीन त्याला १२० दाखवतं. मधुमेहाची रेघ १२६ वर आहे. माणूस रेघेच्या वर होता, खाली आला आणि निर्धास्त होऊन घरी गेला.

त्या सकाळी तेच स्टँडर्ड 'कंट्रोल' म्हणून पुन्हा लावलं असतं तर? बरोबर १०० आलं असतं. येणारच, मशीनला तेच तर शिकवलंय. ज्याने धडा चुकीचा दिला त्यालाच परीक्षक नेमलं, तर मुलाला पैकीच्या पैकी मिळणार. उलट वेगळ्या बाटलीतला, २५० सरासरीचा कंट्रोल लावला असता तर तो २२७ आला असता. लॅबचं स्टँडर्ड डेव्हिएशन (एसडी), म्हणजे रोजचा नैसर्गिक हेलकावा, ६ असेल तर ही घसरण जवळजवळ चार एसडीची. तिथेच कुणीतरी हात आवरला असता.

म्हणून कॅलिब्रेटर आणि कंट्रोल वेगळ्या लॉटचे (उत्पादनाच्या खेपेचे) हवेत आणि जमलं तर वेगळ्या कंपनीचे. आयएसओ १५१८९ या मेडिकल लॅबसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीतही मशीन किंवा रिएजंट (टेस्टचं रसायन) बनवणाऱ्याखेरीज तिसऱ्याच्या कंट्रोलचा विचार करावा, असं म्हटलं आहे. खर्च वाढतो हे खरं. तालुक्याच्या ठिकाणच्या लॅबमालकाला ते पटवणं हा वेगळाच विषय आहे.

शीटवरचे आकडे कुठून येतात, हाही फरक मोठा आहे. कॅलिब्रेटरच्या आकड्याला वंशावळ असते. क्रिएटिनिनच्या कॅलिब्रेटरची व्हॅल्यू पायरीपायरीने वर नेली, तर ती अमेरिकेतल्या एनआयएसटी या संस्थेच्या संदर्भ सीरमपर्यंत आणि आयसोटोप डायल्यूशन मास स्पेक्ट्रोमेट्री या अतिशय अचूक मोजणीपद्धतीपर्यंत पोचते. म्हणूनच पुण्यातल्या आणि पॅरिसमधल्या क्रिएटिनिनची तुलना होऊ शकते. कंट्रोलच्या आकड्याला अशी वंशावळ लागत नाही. ती बाटली बऱ्याच वेळा मशीनवर लावून आलेली सरासरी, असा तो आकडा. शीट नीट बघा, एकाच बाटलीसाठी वेगवेगळ्या मशीनांना आणि पद्धतींना वेगवेगळ्या व्हॅल्यू दिलेल्या असतात. खरी किंमत एकच असती तर इतके रकाने कशाला छापले असते? शीटवरची रेंजही ऐसपैस असते. तिच्यात कंट्रोल 'बसला' म्हणून समाधान मानणं म्हणजे रेल्वेच्या फाटकातून सायकल गेली म्हणून टाळ्या वाजवणं. आपल्या मशीनवर निदान वीस दिवस कंट्रोल चालवायचा, त्यातून आपली सरासरी आणि आपला एसडी काढायचा आणि त्यावर रोजचा आकडा तोलायचा.

कंट्रोलला सत्य माहीत असायची गरज नाही. त्याने स्थिर राहायचं, बस्स.

या रोजच्या आकड्यांचा आलेख म्हणजे लेव्ही-जेनिंग्ज चार्ट. कल्पना मुळात कारखान्यातली. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये टेलिफोनची सामग्री बनवणाऱ्या कंपनीसाठी ती मांडली आणि १९५० मध्ये लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी ती पॅथॉलॉजीत आणली. मधोमध सरासरीची रेघ, वर-खाली एक, दोन आणि तीन एसडीच्या रेघा. मशीन अगदी ठणठणीत असलं तरी साधारण साडेचार टक्के बिंदू दोन एसडीच्या बाहेर पडतात. दहा टेस्ट आणि प्रत्येकीला दोन लेव्हल (वेगवेगळ्या पातळीचे दोन कंट्रोल), म्हणजे रोज वीस बिंदू. त्यातला सरासरी रोज जवळपास एक बाहेर जाणारच. तो दिसला की कॅलिब्रेट, असं करणारी लॅब रोज कॅलिब्रेट करत बसेल. प्रत्येक कॅलिब्रेशनला स्वतःचा थोडा हेलकावा असतो, तो वर आणखी मिसळतो. स्थिर मशीन आपणच अस्थिर करतो.

याच दुखण्यावर जेम्स वेस्टगार्ड यांनी १९८१ मध्ये नियमांचा संच दिला. तो भिंतीवर लावलेला पुष्कळ ठिकाणी दिसतो, पण कोणता नियम कशाकडे बोट दाखवतो हे फार कमी जणांना ठाऊक असतं. एक लेव्हल सरासरीच्या वर दोन एसडीपलीकडे आणि त्याच रनमध्ये (एकाच वेळी लावलेल्या टेस्टच्या फेरीत) दुसरी सरासरीच्या खाली दोन एसडीपलीकडे, असं झालं तर ती यादृच्छिक, म्हणजे कधी वर कधी खाली जाणारी, चूक. पिपेटच्या टिपमध्ये बुडबुडा, ट्यूबिंगमध्ये हवा, मशीनच्या दिव्याचं लुकलुकणं, लाइट जाऊन आलेली. कॅलिब्रेशनने यातलं काहीही सुधारत नाही. उलट त्या लुकलुकण्यातच कॅलिब्रेट केलं तर चुकीचा धडा कायमचा होतो. पण सलग दहा बिंदू सरासरीच्या एकाच बाजूला, किंवा दोन्ही लेव्हल एकाच दिशेला दोन एसडीच्या बाहेर, असं दिसलं तर चूक एका बाजूला झुकलेली आहे. तिथे कॅलिब्रेशनचा संशय रास्त. एकच बिंदू तीन एसडीच्या पलीकडे गेला तर तो बहुधा यादृच्छिक, तरी रन मात्र अडवायचा.

जाता जाता एक सांगते. ज्या चार्टवरचे तीसच्या तीस बिंदू मधल्या रेघेला चिकटून असतात, तो बघून मी खूश होत नाही. सुमारे एक तृतीयांश बिंदू एक एसडीच्या बाहेर असायलाच हवेत. नसतील तर एसडी तरी फुगवलेला आहे किंवा आकडे मशीनमधून नाही, पेनातून आलेले आहेत.

आता माझ्या हातून झालेली चूक. नोकरीची पहिली वर्षं, एक छोटी लॅब. सकाळी कंट्रोलच्या सगळ्याच टेस्ट खाली आल्या: ग्लुकोज, युरिया, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, सगळ्या तीन-चार टक्क्यांनी. मी एकेका टेस्टचा फॅक्टर चार टक्क्यांनी वाढवला आणि कंट्रोल बसवला. दुपारी सिनियर टेक्निशियनने शांतपणे विचारलं, "सगळ्या टेस्ट एकाच दिवशी, एकाच प्रमाणात बिघडतात का गं?" पाच मिलीच्या बाटलीत माझ्या हातून ५.२ मिली पाणी गेलं होतं. मशीन बरोबर होतं, पेशंट बरोबर होते, खोटा होता तो फक्त कंट्रोल. त्याला खरं ठरवण्यासाठी मी सगळ्या पेशंटांना चार टक्के वर नेलं होतं. खरी साखर १२२ असलेला माणूस १२७ वर जातो, मधुमेहाच्या रेघेपलीकडे. त्या दिवशीचे सगळे नमुने पुन्हा लावले. फोन करून तीन रिपोर्ट परत मागवावे लागले. त्यातल्या एका आजोबांनी रिपोर्ट देवापुढे ठेवला होता.

हीच ५.२ मिलीची चूक कॅलिब्रेटरच्या बाटलीत झाली असती तर चित्र उलटं दिसलं असतं. पातळ झालेल्या द्रावणाला मशीनने पूर्ण ताकदीचं मानलं असतं, सगळे पेशंट चार टक्के वर गेले असते आणि नीट बनवलेला कंट्रोलही वर गेला असता. कंट्रोल विरघळवताना चूक झाली तर तो खोटी आरोळी देतो. कॅलिब्रेटर विरघळवताना चूक झाली तर रिपोर्टच खोटा होतो. म्हणून दोन्हींना व्हॉल्युमेट्रिक पिपेट वापरा, बाटली खळखळ हलवू नका, फेस येऊ देऊ नका, भुकटी पूर्ण विरघळायला शीटवर सांगितलेला वेळ द्या आणि बिलिरुबिनसाठी उजेडापासून जपा.

काही टेस्टना कॅलिब्रेटर नसतोच. सेमी ऑटोवर एसजीपीटी (यकृताची टेस्ट) लावताना किटमध्ये फॅक्टर छापलेला असतो, १७६८ किंवा १७४६. तो आला गणितातून: ३४० नॅनोमीटरला एनएडीएच (या टेस्टमध्ये मोजलं जाणारं रसायन) किती प्रकाश शोषतं आणि नमुना व रिएजंटचं प्रमाण काय, यावरून. १७६८ मागे ६.२२ हा शोषणांक आहे, १७४६ मागे ६.३. म्हणजे इथे मशीनला कुणी काही शिकवलेलंच नाही, आपण एक आकडा गृहीत धरलाय. फिल्टर जुना झाला, क्युव्हेट (द्रावण मोजायची नळी) ३७ डिग्रीऐवजी ३५ वर चालली, तर फॅक्टरला त्याचा पत्ता नसतो. पहारा देणारा एकटा कंट्रोल. आणि नेमक्या याच टेस्टला "स्टँडर्ड नाही, मग कंट्रोल कशाला" असं म्हणून तो गाळला जातो.

सेल काउंटरवर, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या मशीनवर, उलट पाप घडतं. कंट्रोल ब्लडची व्हॅल्यू टाकून मशीन कॅलिब्रेट केलं जातं. त्या बाटलीत पेशी टिकवण्यासाठी प्रक्रिया केलेल्या असतात, व्हॅल्यूला रेंज दिलेली असते आणि दोन-तीन महिन्यांच्या आयुष्यात एमसीव्ही (लाल पेशींचं सरासरी आकारमान) हळूहळू सरकतो. सरकत्या दगडावर पाय रोवण्यातला प्रकार. हिमोग्लोबिन, प्लेटलेटचं कॅलिब्रेशन कॅलिब्रेटरनेच करायचं, तेही बहुधा कंपनीच्या इंजिनियरसोबत.

वेल्लोरच्या सीएमसीतून दर महिन्याला बायोकेमिस्ट्रीसाठी येणारा ईक्यूएएसचा (लॅबची बाहेरून होणारी गुणवत्ता तपासणी) नमुना कॅलिब्रेटर आणि कंट्रोल या दोन्हींपेक्षा वेगळा. त्याची व्हॅल्यू आपल्याला आधी कळत नाही आणि निकाल येईपर्यंत दिवस उलटलेले असतात. रोजचा रन अडवायला त्याचा उपयोग नाही.

कॅलिब्रेट कधी करायचं, हे वेळापत्रक कंपनी देते. त्याखेरीज रिएजंटचा नवा लॉट लावल्यावर, दिवा किंवा प्रोब (नमुना ओढणारी सुई) बदलल्यावर आणि कंट्रोल एकाच बाजूला झुकत राहिल्यावर. त्यानंतर दोन्ही लेव्हलचे कंट्रोल लावल्याशिवाय पेशंट घ्यायचे नाहीत. आणि कॅलिब्रेशनमुळे आकडा खरोखरच सरकला असेल, तर शेवटचा बसलेला कंट्रोल ते आता, या मधल्या काळात गेलेल्या रिपोर्टांचं काय? बऱ्याच लॉगबुकांत हा प्रश्न उगवतच नाही.

लॉगबुकातली नोंद कशी हवी? सध्या नव्या मुलींना मी ही लिहून दाखवते:

"ग्लुकोज, लेव्हल १ आणि २ दोन्ही −२ एसडीच्या खाली. कंट्रोलची नवी बाटली उघडली, तेच. बाकी टेस्ट ठीक, म्हणजे पाण्याची चूक नाही. काल संध्याकाळी रिएजंटचा लॉट बदलला, कॅलिब्रेट करायचे राहिले होते. कॅलिब्रेट केले, फॅक्टर ३२१ वरून ३३६. दोन्ही लेव्हल एक एसडीच्या आत. लॉट बदलल्यापासूनचे १४ नमुने पुन्हा लावले, २ रिपोर्ट बदलून दिले, डॉक्टरांना फोन केला."